आधी सरळ कर, मग काप, मग लहान कर

तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात असा, की दापोली-गुहागर पट्ट्यातल्या होमस्टेंसाठी तू जँगोमधे, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधे, साइट केलीयस, घरमालक मोबाइलवरून फोटो टाकतात, एकेक फोटो ६ ते ८ एमबीचा, आणि तुला तो कापून, लहान करून मगच एस३ वर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड साठ्यावर, ठेवायचाय. लॅपटॉपवर सगळं चालतं पण सर्व्हरवर टाकलं की 'बॅकएंड ॲब्सोल्यूट पाथ सपोर्ट करत नाही' असं ओरडतं, काही फोटो आडवे पडलेले दिसतात, क्रॉप भलतीकडचा होतो, आणि थंबनेल, म्हणजे छोटी प्रत, बकेटमधे (एस३ वरच्या खणात) गेलं खरं पण साइज शून्य. शिवाय हे सगळं सेव्हच्या आधी करायचं की नंतर लॅम्डाने, म्हणजे फाइल आली की ॲमेझॉनवर आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, असंही विचारलंयस.

मी बरीच वर्षं चिपळूणला बसून असलीच कामं करतो, आंब्याच्या पेट्या विकणाऱ्यांपासून मालवणच्या खानावळीपर्यंत, आणि तू लिहिलेल्यातली प्रत्येक चूक मी स्वतः एकदा केलेली आहे, काही तर दोनदा. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

पाथच्या एररपासून सुरू करू. तुझा कोड मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या नोंदीच्या क्लासच्या) सेव्हमधे आधी सुपर सेव्ह, म्हणजे जँगोचं नेहमीचं सेव्ह, करतो, मग सेव्ह झालेल्या फोटोचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, घेऊन पिलोने (पायथॉनची फोटो लायब्ररी) उघडतो, लहान करतो आणि त्याच पाथवर परत लिहितो. हा कोड सगळीकडे कॉपी होत फिरतोय आणि लोकल डिस्कवर तो मस्त चालतो कारण तिथे खरंच एक फाइल असते आणि तिला पत्ता असतो. एस३ मधे तशी फाइल नसतेच, एक नाव असतं आणि त्या नावाखाली बाइट्सचा गठ्ठा, तो जागच्या जागी उघडून थोडा खरवडून बंद करता येत नाही, आणायचा तर अख्खा आणायचा आणि टाकायचा तर अख्खा टाकायचा. म्हणून पाथ मागितला की जँगो हात वर करतो, आणि बरोबरच करतो. काही जण यावर उपाय म्हणून आधी ८ एमबी वर चढवतात, मग तोच खाली आणतात, लहान करतात आणि परत चढवतात. मासळी बर्फात भरून झाल्यावर पेटी उघडून साफ करायला बसण्यासारखं आहे ते. साफ आधी करायची, मग भरायची.

त्यात आणखी एक छुपी गोची आहे जी तुला अजून दिसली नसेल. सेव्हमधे रिसाइझ ठेवलंस की घरमालकाने दिवाळीसाठी नुसतं भाडं बदललं तरी सेव्ह चालतो आणि फोटो पुन्हा दाबला जातो. जेपेग दरवेळी थोडं थोडं गमावतो, दर बदलत राहिले की कौलांच्या रेषा पुसट व्हायला लागतात आणि मालक म्हणतो माझा फोटो खराब कसा झाला, मी तर काही केलं नाही. त्यामुळे हे काम मॉडेलच्या सेव्हमधून काढ आणि जिथे अपलोड येतो तिथे, म्हणजे फॉर्म किंवा सीरियलायझर (आलेला डेटा तपासणारा भाग) पास झाल्यावर, एकदाच कर.

फाइल तुझ्या हातात आलेलीच असते. जँगो २.५ एमबीपर्यंतचा अपलोड मेमरीत ठेवतो, त्याहून मोठा असेल तर टेम्पररी फाइलमधे, पण दोन्ही बाबतीत पिलोला ती थेट देता येते, पाथची गरजच नाही. उघड, काम कर, निकाल बाइट्सआयओच्या बफरमधे, म्हणजे मेमरीतल्या फाइलमधे, सेव्ह कर, आणि त्या बफरातले बाइट्स जँगोच्या कंटेंटफाइलमधे घालून मॉडेलच्या फोटोच्या फील्डला दे. डिस्कचा संबंधच येत नाही.

शून्य साइजचं कोडं इथेच सुटतं. थंबनेल तू बोटो३ ने, म्हणजे एस३ शी बोलणाऱ्या पायथॉन लायब्ररीने, थेट ढकलतोयस. बफरमधे पिलोने लिहिलं की लिहिणाऱ्याचं बोट शेवटच्या बाइटवर जाऊन थांबतं, बोटो३ तिथून पुढे वाचायला जातो आणि पुढे काहीच नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे काहीच नाही ते अपलोड करतो. एरर पण येत नाही, हेच त्यातलं वाईट. अपलोडच्या आधी सीक शून्य कर म्हणजे बोट सुरुवातीला येतं, नाहीतर गेटव्हॅल्यूने सगळे बाइट्स एकदम घे म्हणजे बोट कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही. आणि एकच बफर दोन साइजना वापरू नको, अपलोड झाल्यावर बोटो३ तो बंद करून टाकतो असा अनुभव आहे, दुसऱ्या वेळी 'बंद फाइलवर काम' असला एरर येतो. प्रत्येक साइजला नवा बफर, फुकट असतो.

आता आडव्या फोटोंचं. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी सेन्सर आडवाच असतो, बहुतेक फोन पिक्सेल जसे आले तसे आडवेच लिहितात आणि सोबत एक्झिफमधे, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात, चिठ्ठी ठेवतात की दाखवताना वळवून दाखव. चिठ्ठीवर १ ते ८ पैकी आकडा असतो, १ म्हणजे आहे तसा, ३ म्हणजे उलटा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा वळव, ८ म्हणजे उलट्या दिशेने, बाकीचे आरशातले प्रकार, ते क्वचित भेटतात. ब्राउझर चिठ्ठी वाचतो म्हणून मूळ फोटो सरळ दिसतो. पिलो फोटो उघडून परत जेपेगमधे सेव्ह करतो तेव्हा तू वेगळं सांगितल्याशिवाय एक्झिफ पुढे नेत नाही, चिठ्ठी गेली, पिक्सेल आडवेच राहिले, आणि हर्णैच्या लिलावातला माणूस भिंतीवर चालताना दिसायला लागला. उपाय एका ओळीचा आहे, पिलोच्या इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज, ते पिक्सेलच वळवून देतं. नोडमधे (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधे) शार्प ही फोटो लायब्ररी वापरत असशील तर रोटेट रिकामं बोलवायचं, नव्या व्हर्जनमधे ऑटोओरिएंट नावानेच आहे.

पण हे कधी करायचं याला महत्त्व आहे, क्रॉपच्या आधी. घरमालकाने स्क्रीनवर चौकट ओढली ती सरळ झालेल्या फोटोवर ओढली, आणि तू सर्व्हरवर ती आडव्या पिक्सेलवर लावतोस, तर लांबी-रुंदीच उलटी आहे ना, चौकट भलतीकडेच पडणार. म्हणून क्रम ठरलेला, आधी सरळ, मग काप, मग लहान, मग शेवटी एकदाच जेपेग. मधे कुठेही जेपेग करून पुन्हा उघडायचं नाही.

तुझा क्रॉप चुकण्याचं मात्र आणखी एक कारण दिसतंय, तू म्हणतोस नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातलं आभाळच येतं. म्हणजे नक्की हे झालंय, क्रॉपरने (ब्राउझरमधे चौकट ओढू देणाऱ्या कोडने) तुला स्क्रीनवरचे पिक्सेल दिलेत. मोबाइलवर फोटो ३६० पिक्सेल रुंद दिसतो, मूळ आहे ४००० रुंद, मालकाने घरावर चौकट ओढली ती ४० पासून ३०० पिक्सेल रुंदीची, तू तेच आकडे मूळ फोटोवर लावलेस, तर ४००० मधले ३०० म्हणजे नखाएवढा तुकडा, तोही कोपऱ्यातला, तिथे आभाळाशिवाय काय असणार. काही जण यावर मूळ रुंदी भागिले दिसणारी रुंदी असा गुणक लावतात, चालतं, पण मी ते सोडून दिलंय. मी ब्राउझरकडून अपूर्णांकच मागतो, डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती, सगळं ० ते १ मधे. डेटाबेसमधे हे चार आकडे ठेवायचे. याचा फायदा पुढे मेमरीच्या भागात दिसेल, आणि त्याहून मोठा फायदा हा की क्रॉप हा मालकाचा निर्णय आहे, फोटो नाही, आणि निर्णय बदलतात.

यावरून माझी गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात एका होमस्टे साइटसाठी मी फोटो ८०० बाय ६०० कापायचो आणि मूळ फेकून द्यायचो, जागा वाचते म्हणून मोठा अभिमान होता. दोन वर्षांनी डिझाइन बदललं, वर रुंदच्या रुंद बॅनर आला, १६०० रुंद आणि उंची बेताची. ८०० चा फोटो ताणला की काय दिसतं ते तू समजू शकतोस. मग काय, ऐन मे महिन्यात, घरं पाहुण्यांनी भरलेली असताना, एकेका मालकाला फोन, काका जरा परत फोटो पाठवता का, आणि अर्ध्यांचे फोन तोवर बदललेले, फोटो जुन्या फोनबरोबर गेलेले. त्या दिवसापासून नियम केला, मूळ कधीच फेकायचा नाही, आणि क्रॉप कधीच मूळावर करायचा नाही. मूळ एका खासगी बकेटमधे, कापलेले-लहान केलेले दुसऱ्या सार्वजनिक बकेटमधे, आणि सार्वजनिक बकेट कधीही पुसून नव्याने बनवता आली पाहिजे. लोक म्हणतात स्टोरेजचा खर्च, अरे एका घराचे २० फोटो ८ एमबीचे धरले तरी १६० एमबी, शंभर घरांचे १६ जीबी, एवढं पेनड्राइव्हवर मावतं. आणि पेनड्राइव्हवर ठेवू मात्र नकोस. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी इथे बाजारपेठेत शिरलं तेव्हा टेबलाखालची माझी बॅकअप डिस्क चिखलात गेली, क्लाउडवर जे होतं तेवढंच उरलं.

मालकाने चौकट ओढलीच नाही तर काय करायचं? बरेच जण ओढत नाहीत. बहुतेक डेव्हलपर मधोमध कापून मोकळे होतात, आणि मग कोकणातल्या घराचा उभा फोटो म्हणजे खाली मोठं अंगण, मधे तुळशीवृंदावन, वर उतरती कौलं आणि मागे दोन माड, त्याचा मधला चौकोन घेतला की अर्धं वृंदावन आणि ओटी येते, कौलं गायब. कौलं नसतील तर ते घर पुण्यातल्या कुठल्याही बंगल्यासारखं दिसतं, मग मुंबईचा माणूस कशाला येईल? पिलोच्या इमेजऑप्समधे फिट आहे, त्याला सेंटरिंग देता येतं, उभ्या फोटोला ०.५ आणि ०.३ दिलं की कापलेला जास्त भाग खालून जातो, घरांसाठी हे बऱ्यापैकी चालतं. फक्त एक लक्षात ठेव, सेंटरिंग म्हणजे फोटोवरचा बिंदू नव्हे, ते जादा भाग कुठल्या बाजूने किती काढायचा याचं प्रमाण आहे, यात भलेभले फसतात. खरा बिंदू हवा असेल तर मालकाला सांग, फोटोत जे महत्त्वाचं आहे त्यावर बोट ठेव, ते दोन अपूर्णांक साठव, मग चौकट त्या बिंदूभोवती मांड आणि ती फोटोच्या कडेबाहेर जात असेल तर आत ढकल. चार ओळींचं गणित आहे, आणि सत्तर वर्षांच्या आजीलाही 'इथे बोट ठेवा' एवढं कळतं, चौकट ओढणं नाही कळत.

शार्पमधे अटेन्शन नावाचा आपोआप क्रॉप आहे, तो रंगाचा भडकपणा, बारीक तपशील, त्वचेसारखे रंग असं बघून जागा निवडतो. माणसांच्या फोटोला ठीक. एका घराच्या फोटोत त्याने इतकं सुंदर जांभ्याचं घर सोडून अंगणातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध आणली होती, तेव्हापासून मी तो होमस्टेसाठी वापरत नाही.

आता मेमरी, कारण तुझा सर्व्हर छोटा आहे असं तूच लिहिलंयस. फाइल ८ एमबीची असली तरी उघडल्यावर ती ८ एमबी राहत नाही. हल्लीच्या फोनमधला ४८ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ८००० बाय ६०००, पिलो दर पिक्सेलला ४ बाइट घेतो, झाले १९२ एमबी. एक्झिफ ट्रान्सपोज त्याची वळवलेली दुसरी प्रत बनवतं, म्हणजे क्षणभर ३८४. ५१२ एमबीच्या सर्व्हरवर दोन मालकांनी एकाच वेळी फोटो टाकले की वर्कर (सर्व्हरवर काम करणारी प्रक्रिया) मेला, लॉगमधे नुसतं 'किल्ड', आणि तू कोडमधे चूक शोधत बसतोस.

जेपेगला यावर एक सुंदर सोय आहे, तो उघडतानाच १/२, १/४ किंवा १/८ आकारात उघडता येतो, अख्खा फोटो मेमरीत येतच नाही. पिलोत याला ड्राफ्ट म्हणतात. थंबनेल फंक्शन ते आपलं आपण करतं, पण तू जर त्याच्या आधी एक्झिफ ट्रान्सपोज केलंस तर फोटो आधीच पूर्ण लोड झालेला असतो आणि फायदा गेला. म्हणून उघडल्या उघडल्या स्वतः ड्राफ्ट बोलव, वरच्या ८००० बाय ६००० ला १६०० बाय १२०० मागितलं की तो १/४ निवडतो आणि २००० बाय १५०० देतो, म्हणजे १२ एमबी, मग वळव, काप, आणि शेवटी लँक्झॉसने (फोटो लहान करायची एक पद्धत) नेमक्या मापाला आण. आणि इथे ते अपूर्णांक कामी येतात, फोटो चौथाईत उघडला तरी चौकट ०.२ ते ०.८ ही तीच राहते, पिक्सेलमधे साठवली असतीस तर परत हिशोब. फक्त कापलेला भाग लहान असेल तर तेवढ्या पटीत मोठा ड्राफ्ट माग, अर्ध्या फोटोची चौकट आहे आणि निकाल ८०० हवा तर उघडलेला फोटो किमान १६०० रुंद पाहिजे, नाहीतर शेवटी ताणावं लागेल. ताणायचं कधीच नाही. मूळ लहान असेल तर लहानच ठेवायचा.

जुन्या लेखांमधून अँटीएलियास असं नाव कॉपी केलं असशील तर ते पिलो १० पासून काढून टाकलंय, लँक्झॉस लिही, काम तेच.

फार मोठ्या फोटोंना पिलो स्वतःच अडवतो, साधारण ८ कोटी ९५ लाख पिक्सेलवर इशारा आणि त्याच्या दुपटीवर सरळ एरर. हे कोणी मुद्दाम छोट्या फाइलमधे अवाढव्य फोटो लपवून सर्व्हर पाडू नये म्हणून आहे, ते बंद करू नकोस. पण २०० मेगापिक्सेलचे फोन आता बाजारात आहेत, तो मोड चालू ठेवून कोणी फोटो टाकला तर याच एररवर आपटेल, तेव्हा तो पकडून साध्या मराठीत सांग की फोटो फार मोठा आहे, कॅमेऱ्याचा नेहमीचा मोड लावा.

नावांबद्दल तू काही विचारलं नाहीस पण तुझ्या कोडमधे मूळ फाइलचंच नाव वापरलेलं दिसतंय, हे आजच बदल. घरमालक फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले टाकतात, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोटोचं नाव म्हणजे तारीख आणि पुढे डब्ल्यूए०००१, ०००२ असं. एकाच दिवशी दोन घरांना ०००१ मिळणं अगदी सहज होतं. जँगो-स्टोरेजेस, म्हणजे जँगोला एस३ जोडणाऱ्या पॅकेजच्या, एस३ बॅकएंडमधे त्याच नावाची फाइल आली की जुनीवर लिहायचं हे डीफॉल्ट आहे. माझ्याकडे यामुळे मालवणातल्या एका खानावळीच्या पानावर, जिथे सुरमईचं ताट हवं तिथे, कुणाच्या तरी वास्तुशांतीचा फोटो झळकत होता, दोन दिवस. नाव यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) किंवा फोटोच्या बाइट्सचा हॅश (बाइट्सवरून काढलेला ठसा) असं ठेव, मागे साइज जोड. हॅशचा जास्तीचा फायदा म्हणजे फोटो बदलला की नावच बदलतं, मग कॅश कंट्रोल, म्हणजे ब्राउझरने फोटो किती काळ साठवून ठेवायचा ते, एक वर्षाचा, ३१५३६००० सेकंद, बिनधास्त लावता येतो, 'नवा फोटो टाकला तरी जुनाच दिसतोय' हे फोन बंद. आणि अपलोड करताना कंटेंट टाइप, म्हणजे फाइल कसली आहे ते, दे, बोटो३ ने थेट ढकललेल्या फाइलला तो आपोआप मिळत नाही, मग एस३ त्याला नुसता बायनरी समजतो आणि लिंक उघडली की फोटो दिसण्याऐवजी डाउनलोड होतो.

क्वालिटी किती? मी जेपेगला ८० ते ८२ ठेवतो, ९५ ठेवणाऱ्यांनी एकदा दोन्ही फोटो मोबाइलवर शेजारी ठेवून बघावेत. पण एकाच क्वालिटीला फाइलचा आकार सारखा येईल ही अपेक्षा ठेवू नकोस. समुद्र आणि आभाळ असलेला गुळगुळीत फोटो अगदी हलका होतो, आणि त्याच मापाचा पावसातल्या माड-पोफळीच्या बागेचा फोटो दुप्पट-तिप्पट, कारण पान न् पान वेगळं, जेपेगला दाबायला सपाट जागाच नाही. बागेच्या फोटोत क्वालिटी ७२ पर्यंत उतरवली तरी कुणाला कळत नाही, पानांच्या गर्दीत दोष लपतात. लाल रंगाचं उलटं आहे. जेपेग नेहमीच्या सेटिंगला रंगाची माहिती चौथाईच ठेवतो, फोटोत ते जाणवत नाही पण कोकम सरबताचं लेबल किंवा लाल बोर्डवरची अक्षरं असतील तर कडा फेसाळतात. असल्या फोटोंना पिलोत सबसॅम्पलिंग शून्य दे, शार्पमधे ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण राहते, फाइल थोडी वाढेल, अक्षरं वाचता येतील.

आयफोनवाल्यांचे दोन त्रास. एक रंगाचा, आयफोन फोटोत रुंद रंगाची प्रोफाइल जोडतो, पिलो जेपेग सेव्ह करताना ती पुढे नेत नाही, मग रंग फिके पडतात. मला हे एका आंबेवाल्याने दाखवलं, म्हणाला माझा हापूस तुमच्या साइटवर आढी न घातल्यासारखा दिसतो, आणि खरंच दिसत होता. एकतर सेव्ह करताना मूळ इन्फोमधली आयसीसी प्रोफाइल (हीच ती रंगाची प्रोफाइल) परत दे, नाहीतर पिलोच्या इमेजसीएमएसने एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून मग सेव्ह कर, मी दुसरं करतो. दुसरा त्रास एचईआयसी या फोटो फॉरमॅटचा, २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन सहसा त्यातच फोटो ठेवतो आणि पिलोला तो एकट्याने उघडता येत नाही, पिलो-हाइफ बसवावं लागतं. शार्पच्या तयार बिल्डमधेही एचईआयसी नाही, पेटंटच्या भानगडीमुळे.

पीएनजी जेपेगमधे करताना आरजीबीए वर (रंगांसोबत पारदर्शकताही असलेल्या फोटोवर) एरर येतो, तो गप्प करायला लोक नुसतं आरजीबी करतात आणि पारदर्शक भाग काळा होतो, लोगो काळ्या चौकोनात. पांढऱ्या पाटीवर चिकटव आणि मग सेव्ह कर.

सेव्हच्या आधी की लॅम्डाने, तर तुझ्यासारख्या शे-दोनशे घरांच्या साइटला लॅम्डा नको, सरळ सर्व्हरवर कर, फार तर सेलेरीच्या (मागे कामं चालवणारं पायथॉनचं साधन) रांगेत टाक. लॅम्डाला अर्थ तेव्हा, जेव्हा ब्राउझर प्रीसाइन्ड, म्हणजे तात्पुरती परवानगी असलेल्या, लिंकने थेट बकेटमधे टाकतो आणि तुझ्या सर्व्हरच्या हाताला फाइल लागतच नाही. आणि तसं केलंस तर निकाल त्याच बकेटमधे लिहू नको. फाइल आली की लॅम्डा उठतो, लहान करून तिथेच लिहितो, ती नवी फाइल आली म्हणून परत उठतो. मी एकदा असं करून रात्री झोपायला गेलो, माझीच चूक, सकाळी बकेटमधे थंबनेलच्या थंबनेलचं थंबनेल अशी नावं बघून चहा कडू लागला.

त्यापेक्षा तुझ्या लोकांना खरा उपयोग ब्राउझरमधे आधीच थोडं लहान करण्याचा होईल. गुहागरच्या आतल्या वाडीत पावसात अपलोडचा वेग १ एमबीपीएस मिळाला तर नशीब, ८ एमबीला ६४ सेकंद लागतात, तेवढ्यात लाइट किंवा रेंज जाते आणि मालक परत पहिल्यापासून. मोबाइलमधेच लांब बाजू २४०० वर आणून पाठवलं तर फाइल ७००-८०० केबीच्या आसपास येते, सहा-सात सेकंदांत काम. मूळ म्हणून मग तो २४०० चाच साठेल, होमस्टेला तेवढं पुरतं, पेटीवर छापायचा फोटो असेल तर नाही पुरत. त्यासाठी ब्राउझरमधे कॅनव्हास (फोटो ज्यावर नव्याने काढला जातो ती पाटी) बनवताना तो २४०० चाच बनव, आधी मूळ मापाचा बनवून मग लहान करू नको, आयफोनच्या सफारीत कॅनव्हासच्या पिक्सेलना मर्यादा आहे, ती ओलांडली की कॅनव्हास कोराच येतो. आणि ब्राउझरने लहान करून दिलं म्हणून सर्व्हरवरचं काम वगळायचं नाही, ब्राउझरकडून काहीही येऊ शकतं, कोणी नाव बदलून भलतीच फाइलही पाठवेल. पिलोने उघडून पुन्हा लिहिलेलीच फाइल बाहेर दिसली पाहिजे.

याच कारणासाठी मूळ बकेट खासगी म्हणालो. एक्झिफमधे जीपीएस असतो. लहान केलेल्या फोटोतून तो गळून जातो, पण मूळात राहतोच. समज वेळासला आलेल्या पाहुण्याने किनाऱ्यावरच्या कासवाच्या घरट्याचा फोटो तुझ्या साइटवर टाकला, तर मूळ फाइल उघडी असेल तर काही मीटरच्या फरकाने जागा जगजाहीर. किंवा बचतगटातली ताई घरून लाडवांचे फोटो टाकते, तिचा पत्ता कुणाला का कळावा.

आता राहिले तुझे आधीच चढवलेले फोटो. जे आडवे आहेत त्यांची एक्झिफ चिठ्ठी तुझ्या कोडने त्याच नावावर परत लिहून घालवलीय, ते आपोआप ओळखता येणार नाहीत. ॲडमिनमधे एक वळवा बटण दे आणि हातानेच सरळ कर, शंभरेक फोटो असतील तर एका दुपारचं काम आहे. त्याआधी बकेटचं व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपणं, चालू होतं का बघ, असेल तर जुनी व्हर्जन तिथेच पडलेली सापडतील, ती मूळ बकेटमधे हलव आणि नव्या कोडमधून काढ. नसेल तर निदान आज चालू कर. आणि लाइव्ह करण्याआधी स्वतःच्या फोनने चार फोटो काढ, उभा, उलटा, डावीकडे आडवा, उजवीकडे आडवा, चौघांत समोर तेच घर, आणि चारही टाकून बघ. एकाचंही कौल खाली दिसलं तर ट्रान्सपोज चुकीच्या जागी आहे, तेव्हा तो फंक्शनचा भाग इथे टाक, बघतो.